घरची मोटार आणि शेवटची बैठक

घरासाठी मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे घरातील कर्ता पुरुष काय करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो दुकानात जातो, विक्रेता अदबीने दार उघडून धरतो, आणि हा थेट चालकाच्या जागेवर जाऊन बसतो. चाक हातात घेतो, गिअरचा दांडा हलवून पाहतो, समोरच्या पडद्यावर बोट फिरवतो, आणि दहा मिनिटांत त्याचे मत होऊन जाते. श्रोतेहो, ज्या बैठकीविषयी कारखानदार सर्वांत अधिक काळजी घेतात, नेमक्या त्याच बैठकीवर बसून आपण गाडीची परीक्षा करतो. पुढे दहा वर्षे ती गाडी सोसावयाची असते ती मागे बसणाऱ्यांना, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

मलाही हे उशिराच कळले. आमचे बिऱ्हाड बेळगावात. घरात आम्ही सहा माणसे: मी, पत्नी, दोन मुले, सत्तरी ओलांडलेली आई आणि वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. दर वर्षी ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्यास जाण्याचा आमच्या घराचा परिपाठ आहे. एका वर्षी त्यासाठी सात आसनांची गाडी भाड्याने केली. जांबोटी, कणकुंबी, चोर्ले अशी घाटाची वाट. आई मानाने पुढे चालकाशेजारी बसली, मधल्या रांगेत मी, पत्नी आणि मुलगा, आणि शेवटच्या रांगेत आत्या व धाकटी मुलगी. आत्या वाटेत काही बोलली नाही. ती स्वतःसाठी कधी बोलतच नाही. पण घाट उतरून साखळीला चहासाठी थांबलो, तेव्हा तिला बाहेर काढावयास दोघांचे हात लागले, आणि उतरल्यावरही ती बराच वेळ कमरेत वाकूनच उभी राहिली. मुलीला घाटात दोनदा ओकारी झाली होती. येताना मी मागे बसलो. त्या तीन तासांत जे अनुभवले, आणि नंतर हाती टेप घेऊन परिचितांच्या गाड्यांत जे मोजून पाहिले, तेच आज सांगावयाचे आहे.

पहिला गैरसमज लांबीचा. गाडी लांब असली म्हणजे आत ऐसपैस असणारच, असे आपण धरून चालतो. अँबॅसडर गाडी आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. १९५७ च्या सुमारास कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात तिचे उत्पादन सुरू झाले आणि २०१४ मध्ये ते थांबले. तिची लांबी सुमारे ४३२ सेंटिमीटर. परंतु पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते अवघे २४६ सेंटिमीटर होते. आता २०१९ साली आलेली वॅगन-आर पाहा. तिची लांबी साडेतीनशे सेंटिमीटरांहून थोडी अधिक, म्हणजे ३६५. अँबॅसडरहून दोन फुटांपेक्षाही कमी. आणि तिचा व्हीलबेस? २४३ सेंटिमीटर. म्हणजे बाहेरून जवळजवळ सव्वादोन फूट आखूड असलेल्या गाडीत, चाकांच्या दरम्यानची जागा केवळ दोन-तीन बोटांनी कमी आहे. माणसे बसतात ती प्रायः ह्याच दोन चाकांच्या मधल्या जागेत. त्यापलीकडची लांबी इंजिनाची, डिकीची, आणि काही अंशी डौलाची.

हा बदल घडला तो इंजिन आडवे झाल्यामुळे. जुन्या गाड्यांत इंजिन पुढे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेले असे, आणि त्याची शक्ती एका लांब फिरत्या दांड्यातून मागच्या चाकांना पोहोचे. तो दांडा जावयाचा म्हणून गाडीच्या जमिनीवर मधोमध एक उंचवटा येई. मागच्या बाकावर मधे बसलेल्या माणसाला एक पाय इकडे, एक तिकडे, असे घोड्यावर बसल्याप्रमाणे बसावे लागे. १९५६ च्या सुएझ प्रकरणात पेट्रोलची टंचाई झाली आणि त्यानंतर इंग्लंडात अलेक इसिगोनिस ह्या अभियंत्याकडे लहान गाडी आखण्याचे काम आले. १९५९ साली त्याची मिनी बाजारात आली. लांबी केवळ दहा फूट, इंजिन आडवे, शक्ती पुढच्याच चाकांना, आणि चाके अवघ्या दहा इंचांची, जेणेकरून त्यांच्या घेरांनी आतली जागा खाऊ नये. गाडीच्या एकूण जमिनीपैकी सुमारे ८० टक्के जागा माणसांना व सामानाला मिळाली. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती ह्याच विचाराची वारस. तिच्यात घरातील चौघे बसत आणि मधल्या उंचवट्याची अडचण त्यांना होत नसे.

परंतु ह्याच मारुतीत आपण पाच-सहा माणसे कोंबीत होतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रौढ माणसाच्या खांद्यांची रुंदी सुमारे ४५ सेंटिमीटर धरली तर तिघांना १३५ सेंटिमीटर हवेत. मारुती ८०० ची बाहेरून रुंदीच १४४ सेंटिमीटर. त्यातून दोन्ही दारांची जाडी वजा करा. हिशेब जमत नाही. म्हणून दोघांनी पाठ टेकावयाची आणि मधल्याने चार बोटे पुढे सरकून बसावयाचे, अशी एक रीत आपल्याकडे आपोआप रूढ झाली. रेल्वेच्या डब्यात 'जरा सरका' म्हणतो तसेच. आजच्या अनेक लहान गाड्यांच्या कागदावर 'पाच आसने' असे लिहिलेले असते. त्यातले पाचवे आसन बहुधा ह्याच रीतीवर विसंबून असते.

लांबीविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण आपल्या देशात गाडीच्या आतली जागा अभियंत्याइतकीच अर्थमंत्र्यांनीही ठरविली आहे. २००६ च्या अंदाजपत्रकात लहान गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान गाडी म्हणजे कोणती? जिची लांबी चार मीटरांच्या आत आणि इंजिन ठरावीक मर्यादेचे, ती. ही चार मीटरांची रेघ एकदा ओढली गेली आणि कारखानदारांनी करवत हाती घेतली. २००८ मध्ये इंडिगो गाडीची मागची डिकी आखूड करून ती चार मीटरांच्या आत बसविण्यात आली. स्विफ्ट डिझायर प्रथम आली तेव्हा ४१६ सेंटिमीटर लांब होती, आणि २०१२ मध्ये ती ३९९.५ सेंटिमीटरांवर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले, त्यांतही ही रेघ कायम आहे: अलीकडे १८ टक्के, पलीकडे ४० टक्के. मास्तराच्या पगारात हा फरक लहान नव्हे. तेव्हा चार मीटरांतच माणसे कशी बसवावयाची, हा आपल्याकडील खरा प्रश्न होऊन बसला.

त्याचे एक उत्तर उंचीत सापडले, आणि मला वाटते बसण्याच्या सुखाचे मर्म लांबीपेक्षा ह्या उंचीतच आहे. आपण जेवावयास पाटावर बसतो, पाहुणा आला तर खुर्ची देतो. दोन्हींत फरक काय? पाटावर गुडघे कमरेच्या वर येतात किंवा पाय मांडी घालून आवळावे लागतात. खुर्चीवर मांडी आडवी राहते, पाय सरळ खाली उतरतात, आणि ते पुढे पसरावे लागत नाहीत. म्हणजे बसावयाची जागा उंच केली की माणसाला पुढे कमी जागा लागते. आखूड गाडीत लांबी मिळत नसेल तर टप उंच करा आणि माणसाला खुर्चीसारखे बसवा, ही युक्ती जपानने साधली. तेथे गाडीची लांबी-रुंदी कायद्याने फार लहान ठेवलेल्या गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. वॅगन-आर १९९३ साली त्या वर्गात जन्मली आणि १९९९ मध्ये आपल्याकडे आली. त्याच्या आदल्याच वर्षी सँट्रोही अशीच उंच अंगाची येथे आली होती. प्रथम लोक हसले. 'डब्यासारखी दिसते' म्हणाले. पण वृद्ध माणसे ज्या घरांत होती तेथे ह्या गाड्या टिकल्या, आणि त्याचे कारण गुडघ्यात आहे. बैठक कमरेच्या उंचीजवळ असली की माणूस तिच्यावर आडवा सरकतो. ती फार खाली असेल तर त्याला आत पडावे लागते व बाहेर स्वतःला उपसावे लागते. फार वर असेल तर चढावे लागते. दिमाखदार बुटक्या गाडीतही सांधेदुखीचा माणूस अवघडतो, आणि डोंगरी वाटेच्या उंच जीपसारख्या गाडीतही.

आता तिसऱ्या रांगेकडे येतो. त्या तीन तासांत एक उपमा मला सारखी आठवत होती: तिसऱ्या रांगेत बसणे म्हणजे पाटावर बसणे, आणि पुढ्यात ताट मात्र नाही. माझे गुडघे छातीच्या रोखाने वर आले होते. मांडीचा खालचा भाग बैठकीला टेकतच नव्हता. सारा भार कुल्ल्यांच्या दोन हाडांवर. असे का होते? पुष्कळ मोठ्या गाड्या अजूनही बैलगाडीच्या साट्याप्रमाणे एका जड लोखंडी सांगाड्यावर बांधतात. सांगाडा खाली, त्यावर जमीन. मागे पोहोचेपर्यंत जमिनीखाली आस, स्प्रिंगा, इंधनाची टाकी, जादा चाक ह्यांची गर्दी होते, म्हणून तेथे जमीन आणखी वर येते. टप काही तितके उंच करता येत नाही, कारण गाडी वळणावर कलंडेल. वरून टप खाली, खालून जमीन वर. मधल्या फटीत माणूस. त्यात दोन्ही बाजूंनी चाकांचे घेर आत घुसतात, त्यामुळे रुंदीही जाते. ह्याला उपाय नाही असे नाही. इनोव्हाची २०१६ ची आवृत्ती सांगाड्यावर बांधलेली होती. २०२२ च्या अखेरीस आलेली हायक्रॉस ही सांगाडा टाकून, घडीव पत्र्याचीच भक्कम पेटी करून, पुढच्या चाकांना शक्ती देऊन बांधली, आणि व्हीलबेस २७५ वरून २८५ सेंटिमीटर केला. बाहेरून पाहणाऱ्यास नाव तेच दिसते. मागे बसणाऱ्याच्या ढोपरांना मात्र फरक कळतो. अर्थात ती गाडी आमच्या आवाक्याबाहेरची; मी ती एका परिचिताकडे पाहिली, इतकेच.

मुलीला ओकारी का झाली, त्याचेही उत्तर त्याच जागेत आहे. एस. टी.च्या शेवटच्या बाकावर बसून खड्ड्यांतून प्रवास केलेल्यास हे समजावून सांगावयास नको. चारही चाकांच्या मधोमध बसलेल्या माणसाला गाडीची उसळी सर्वांत कमी लागते, आणि आसाच्या वर वा त्याच्या मागे बसलेल्याला सर्वांत अधिक. माणसाचे धड सेकंदाला सुमारे चार ते सहा वेळा होणाऱ्या वरखाली हादऱ्यांना विशेष साथ देते. झोपाळ्याला त्याच्या तालात धक्का दिला की तो जसा वाढतो, तसे. आसाचे खडखडाट पुरेशा गादीवाचून तसेच अंगात शिरले की पाठ थकते. मळमळीचे कारण थोडे निराळे. घाटात कानातील तोल राखणारे इंद्रिय मेंदूला सांगत असते की आपण वळत आहो, डुलत आहो. डोळ्यांना समोर दिसते ती मधल्या रांगेची उंच पाठ आणि बाजूला वितभर काच, म्हणून डोळे म्हणतात की आपण स्थिर आहो. ह्या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि पोट बंड करते. लहान मुलांना 'तुम्ही काय, मागे बसा' असे आपण सहज म्हणतो, पण घाटात मळमळ सर्वांत अधिक व्हावी अशीच ती जागा असते.

गादीच्या मऊपणाने फसू नये, हे तर मी आता सर्वांना सांगत सुटलो आहे. दुकानात पाच मिनिटे बसून जी गादी स्वर्गीय वाटते तीच दोन तासांनी अंगाखाली चेपून जाते, आणि हाडे तळाशी टेकतात. थोडी घट्ट गादी आरंभी रूक्ष वाटते, पण भार सारखा वाटून घेते. पाठीचेही तसेच. स्वीडनमधील नाकेमसन ह्या अस्थिरोगतज्ज्ञाने १९६० च्या दशकात माणसाच्या कण्यातील चकतीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकून बसल्यावर तो दाब उभे राहिल्यापेक्षा बराच अधिक भरला. पाठ मागे रेलली आणि कमरेला आधार मिळाला की दाब उतरतो, असे त्यानंतरच्या मोजण्यांतही दिसले. आमच्या आत्याच्या बैठकीची पाठ सरळ ताठ होती, मागे कलत नव्हती, कारण तिच्या मागे लगेच काच होती. ती साखळीला वाकून का उभी राहिली, ह्याचा उलगडा मला एवढ्यात झाला.

सामानाविषयी थोडक्यात. डिकीचे माप लिटरांत देतात, आणि आपणांस त्यातून काही बोध होत नाही. घरातील मोठी बादली वीस लिटरांची धरून हिशेब करावा. २०१९ मध्ये आलेल्या ट्रायबर गाडीत चार मीटरांच्या आत सात आसने बसविली आहेत, ही मोठीच करामत. पण साती आसने मांडली की मागे उरतात ८४ लिटर, म्हणजे चार बादल्या. तिसरी रांग उपटून घरी ठेवली की तीच जागा ६२५ लिटर होते. चार मीटरांची रेघ ओलांडणाऱ्या अर्टिगात सातही जण बसल्यावर २०९ लिटर, म्हणजे दहा बादल्या राहतात. ह्यात गॅसची टाकी बसविली तर, बडोदे-इंदूरकडील मंडळी जाणतातच, बॅगा मांडीवर येतात. सात माणसे आणि सात माणसांचे सामान ही गोष्ट एकाच गाडीत क्वचितच साधते. कागदावर दोन्ही आकडे छापलेले असतात, पण ते एकाच वेळचे नसतात.

विजेच्या गाडीची हल्ली सर्वत्र चर्चा आहे, म्हणून एक सूचना. बॅटरी जमिनीखाली पसरलेली असते. गाडी मुळातच विजेसाठी आखलेली असेल तर मधला उंचवटा जातो आणि पाय मोकळे होतात. परंतु पेट्रोलसाठी आखलेल्या गाडीतच मागाहून बॅटरी बसविली असेल, तर पायांखालची जमीन दोन-चार बोटे वर येते आणि बैठक तेथेच राहते. पुन्हा पाटच.

मग पाहावयाचे कसे? मी एवढेच करतो. चालकाची बैठक माझ्या पायांना सोयीची करून घेतो, उतरतो, आणि बरोबर तिच्याच मागे जाऊन बसतो. गुडघा व पुढची पाठ ह्यांत एक मूठ आडवी मावली पाहिजे. मांडीखाली हात घालून पाहतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूपासून दोन-तीन बोटे सोडली तर बाकी मांडी गादीला टेकलेली असावी. पाय पुढच्या बैठकीखाली शिरतात का, हेही पाहावे, कारण पुष्कळदा तेथे लोखंडी पट्टी आडवी येते. आणि मग घरातील सर्व माणसे, खरोखर सर्व, एकदम बसवावीत. विक्रेत्याला हे रुचत नाही. त्याला वाटते गिऱ्हाईक घेणारे नाही, सहलीला आले आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सहाही जण असेच एका दुकानात गेलो. विक्रेता तरुण होता, नम्र होता. त्याने रिवाजाप्रमाणे माझ्यासाठी चालकाचे दार उघडले. मी म्हटले, "आधी आमच्या आत्याला मागे बसू द्या." त्याने मधल्या रांगेचे आसन दुमडून वाट करून दिली. आत्याने पदर सावरला, एक पाय आत ठेवला, डोके टपाला लागले, ती परत बाहेर आली. दुसऱ्या खेपेस जाऊन बसली. मुलगी तिच्या शेजारी बसली. आम्ही सारे आपापल्या जागी बसलो आणि दारे लावून घेतली. कोणी काही बोलेना. दहा मिनिटे गेली असतील. मग मागून आवाज आला.

"बाळ, गोव्याला ह्यातून जायचं म्हणजे किती वेळ?"

"तीन तास, आत्या."

"मग तुम्ही ह्यातून जा बाबा. मला बसचं तिकीट काढून दे."

विक्रेता मोठ्याने हसला. आम्ही उतरलो, त्याचे आभार मानले, आणि टेप खिशात ठेवून शेजारच्या दुकानाकडे निघालो. तेथे काच पुसत उभ्या असलेल्या मुलाला आत्यानेच विचारले, "मागचं दार कुठून उघडतं?"